गॉलवेच्या उपसागरातील शिडाच्या बोटींचा मेळावा : किनवाऱ्याचे ‘क्रिनू ना मॉड’

अटलांटिककाठ (धागाकर्ता)

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गॉलवेचा उपसागर आहे. त्याच्या आग्नेय कोपऱ्यात समुद्राचा एक फाटा जमिनीत शिरतो आणि त्या फाट्याच्या टोकाला किनवारा नावाचे छोटे गाव वसले आहे. गॉलवे शहरापासून रस्त्याने ते सुमारे तीस किलोमीटरवर आहे. गावाला लागूनच पाण्याच्या काठावर डनग्वायर नावाची सोळाव्या शतकातील गढी आहे आणि पर्यटकांच्या बसगाड्या वर्षभर तिथे थांबतात. मात्र ऑगस्टमध्ये एका शनिवार-रविवारी त्या गढीकडे पाठ करून सगळे लोक धक्क्याकडे तोंड करून बसलेले असतात, कारण त्या दिवशी उपसागराच्या उत्तरेकडील कॉनमाराच्या किनाऱ्यावरून काळ्या अंगाच्या आणि तांबूस-तपकिरी शिडांच्या बोटी उपसागर ओलांडून येत असतात. आयरिश भाषेत या मेळाव्याला ‘क्रिनू ना मॉड’, म्हणजे बोटींचा मेळावा, असे सरळसोट नाव आहे. १९७९ साली तो सुरू झाला. गॉलवे परिसरात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींची संख्या आता बरीच वाढली असली तरी यांपैकी अनेकांना हा मेळावा ठाऊक नसतो, म्हणून हा धागा काढत आहे.

या बोटींना ‘गॉलवे हूकर’ म्हणतात आणि त्यांचे चार प्रकार आहेत. सर्वांत मोठी ती ‘बॉड मोर’. तिची लांबी साधारण पस्तीस ते चव्वेचाळीस फूट असते आणि बारा ते पंधरा टन माल ती सहज वाहून नेत असे. त्याखालोखाल ‘लाव्हॉड’ म्हणजे अर्धी बोट, सुमारे तीस फुटांची. त्याहून लहान ‘ग्लोचोग’ आणि जवळपास तेवढ्याच आकाराची, पण शीड निराळ्या पद्धतीचे असलेली ‘पूकान’. पहिल्या तिन्ही प्रकारांत एकच डोलकाठी, तिच्यामागे एक मोठे शीड आणि पुढे दोन त्रिकोणी शिडे असतात. मोठ्या शिडाची वरची कड एका तिरप्या काठीला बांधलेली असते आणि ती काठी डोलकाठीपासून मागच्या बाजूला वर चढत जाते. नाळेतून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकातून, एक लांब दांडा समुद्रावर पुढे झुकलेला असतो आणि सर्वांत पुढचे शीड त्यालाच बांधतात. बोटीची नाळ पाणी कापणारी, तीक्ष्ण असते. पोट पाण्याच्या रेषेशी चांगले रुंद असते आणि तिथून काठाकडे जाताना बाजू पुन्हा आत वळतात. या वळणामुळे बोटीला पाण्यात रुंदी मिळते आणि तरीही उसळलेली लाट काठावरून आत येण्याचे प्रमाण कमी राहते. सांगाडा ओकच्या लाकडाचा आणि फळ्या लार्चच्या असतात, आणि बाहेरून डांबर फासल्यामुळे सगळी बोट काळीकुळकुळीत दिसते.

आता या बोटी किनवाऱ्यालाच का येतात, हे समजून घेतल्याशिवाय मेळाव्याचा अर्थ लागत नाही. उपसागराच्या उत्तरेला दक्षिण कॉनमारा आहे. तिथे खाली ग्रॅनाइटचा खडक आणि वर मैलोगणती दलदल आहे. या दलदलीत हजारो वर्षे न कुजता साचून राहिलेल्या वनस्पतींचा थर असतो. तो विटांसारखा कापून उन्हा-वाऱ्यात वाळवला की उत्तम जळण होते आणि त्यालाच ‘टर्फ’ म्हणतात. उपसागराच्या दक्षिणेला बरेनचा प्रदेश, त्याला लागून किनवारा, आणि उपसागराच्या तोंडाशी अरानची तीन बेटे आहेत. हा सगळा चुनखडीचा उघडा खडक असून त्यावर माती बेताची, झाडे त्याहून बेताची आणि दलदल अजिबात नाही. म्हणजे एका काठाला जळण मुबलक आणि समोरच्या काठाला चूल पेटवायलाही काही नाही. कॅरारो, रोसाव्हील, लेटरमलन या भागांतील बोटी टर्फ भरून निघत आणि अरानच्या बेटांवर, शेजारच्या क्लेअर परगण्याच्या किनाऱ्यावर किंवा किनवाऱ्याच्या धक्क्यावर तो उतरवत. परतताना बोट रिकामी नेणे परवडत नसे, शिवाय कॉनमाऱ्याच्या जमिनी आंबट असल्यामुळे तिथे चुन्याची गरज असे, म्हणून चुनखडीचे दगड भरून नेत. हे दगड भट्टीत भाजून त्यांचा चुना शेतात आणि घरांच्या भिंतींवर वापरला जाई. निसर्गाने दोन काठांना वाटून दिलेल्या अपुरेपणावर हा सगळा व्यापार उभा होता.

पुढे रस्ते सुधारले, मालमोटारी आल्या आणि घरोघरी गॅसच्या टाक्या पोहोचल्या. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर या बोटींचा व्यवसाय झपाट्याने आटला आणि अनेक बोटी चिखलात उभ्या राहून कुजल्या. १९७८ मध्ये या बोटींच्या मालकांनी आणि चाहत्यांनी आपली संघटना उभी केली आणि त्याच्या पुढच्या वर्षी किनवाऱ्याचा मेळावा सुरू झाला. तेव्हा जुना माल आणि जुना मार्ग हीच मेळाव्याची कल्पना होती, आणि आजही काही बोटी टर्फ भरून येतात. तो काठाच्याही वर, गोवऱ्या रचतात तसा एकावर एक नीट रचलेला असतो, आणि धक्क्यावर उतरवताना गावातील मुले मदतीला धावतात.

मेळावा निवांत का वाटतो, याचे कारण मात्र मला आयोजनात सापडत नाही, ते भरती-ओहोटीत सापडते. किनवाऱ्याचे बंदर ओहोटीला जवळपास कोरडे पडते. भरतीचे पाणी असेल तेवढ्या वेळातच बोटींना आत येता येते, आणि पाणी उतरले की त्या धक्क्याला टेकून चिखलात बसतात. मग पुढच्या भरतीपर्यंत खलाशांना कुठेही जाता येत नाही. कार्यक्रमपत्रिका कितीही आखली तरी हे तास समुद्रानेच रिकामे ठेवलेले असतात. त्या तासांत धक्क्यावर अकॉर्डियन आणि व्हायोलिन निघतात, वडीलधारी माणसे बोटीच्या तळाकडे बोट दाखवून कोणत्या फळीचे काय झाले ते सांगतात, आणि ज्याला हवे त्याला बोटीत डोकावता येते. शर्यती उपसागरात होतात आणि त्या अतिशय चुरशीच्या असतात. निवांतपणा म्हणजे ढिलाई असा अर्थ कोणी काढू नये.

---

भाट्येपार

लेख वाचून फार बरे वाटले. माझे आजोबा रत्नागिरीच्या बाजूच्या एका पडावावर, म्हणजे शिडाच्या मालवाहू होडीवर, तांडेल (प्रमुख खलाशी) होते आणि त्यांच्याकडून ऐकलेल्या गोष्टींमुळे आपण लिहिलेला जळणाचा व्यापार मला अगदी ओळखीचा वाटला. आमच्याकडून मुंबईला सरपण, लाकूड, नारळ आणि सुपारी जाई, आणि दक्षिणेकडून येणारी फत्तेमारी मंगळुरी कौले आणत असत. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर लकडी बंदर आणि कौला बंदर अशी नावे आजही टिकून आहेत. कोणता माल कुठे उतरत असे हे त्यावरून कळते.

मला एक तांत्रिक शंका आहे. आपण म्हणता त्या ‘पूकान’ बोटीचे शीड निराळे असते म्हणजे नेमके कसे? आमच्याकडे डोलकाठी किंचित पुढे झुकलेली आणि तिला आडवे-तिरपे लटकलेले लांब परबाण (शिडाची काठी), त्याला बांधलेले मोठे शीड, अशी रचना असे. वारा पाठीवर किंवा बाजूने असेल तेव्हा हे शीड उत्कृष्ट ओढ देते. पण वाऱ्यासमोर नागमोडी जाताना प्रत्येक वळणावर परबाण आणि शीड डोलकाठीच्या दुसऱ्या बाजूला न्यावे लागते आणि त्याला माणसे भरपूर लागतात. आजोबा म्हणत की उलट्या वाऱ्यात दोनदा वळण्यापेक्षा खाडीत नांगर टाकून मतलईची, म्हणजे जमिनीवरून येणाऱ्या वाऱ्याची, वाट पाहिलेली बरी.

---

अटलांटिककाठ

आपली शंका नेमक्या जागी आहे. पूकानच्या शिडालाही वर एक काठी असते आणि ती डोलकाठीच्या पुढेमागे दोन्हीकडे जाते, त्यामुळे दिशा बदलताना ती काठी खाली उतरवून, डोलकाठीच्या पलीकडे नेऊन पुन्हा चढवावी लागते. म्हणजे आपल्या आजोबांची अडचण आणि पूकानवाल्यांची अडचण एकच आहे. ग्लोचोगचे मोठे शीड संपूर्णपणे डोलकाठीच्या मागे असते, म्हणून ते वळताना आपोआप दुसऱ्या बाजूला जाते आणि दोघा-तिघांत बोट हाकता येते. शर्यतीत पूकानचा वर्ग स्वतंत्र ठेवतात आणि माझ्या मते पाहण्यासारखी शर्यत तीच असते, कारण वळणावर कोणाची माणसे एकजुटीने काम करतात हे काठावरून स्पष्ट दिसते. अर्ध्या मिनिटाचा गोंधळ झाला तरी पुढची बोट हातची गेलेली असते.

---

निशा_डब्लिन

मी गेल्या उन्हाळ्यात कुटुंबासह तिथे गेले होते. शिडांचा रंग मला फार आवडला. तो केवळ शोभेसाठी असतो की त्यामागे काही कारण आहे?

---

अटलांटिककाठ

त्यामागे कारण आहे. पूर्वी शिडे सुती कापडाची असत आणि ओले कापड गुंडाळून ठेवले की त्याला बुरशी लागून ते कुजत असे. म्हणून झाडांच्या सालींच्या काढ्यात ते बुडवून काढत. सालीतील टॅनिनमुळे कापड टिकाऊ होई आणि त्याला हा तांबूस-तपकिरी रंग येई. आता बहुतेक शिडे कृत्रिम धाग्याची असतात आणि त्यांना कुजण्याचे भय नसते, तरीही रंग तोच ठेवतात.

याच संदर्भात एक वेगळी माहिती. गॉलवे शहराला लागून क्लाडा नावाची कोळ्यांची जुनी वस्ती होती. तिथले लोक आपल्यातील एकाला ‘राजा’ म्हणून निवडत. तो मासेमारीचे नियम पाळले जातात की नाही ते पाही आणि भांडणे मिटवी. त्याच्या बोटीचे शीड पांढरे असे, म्हणजे तपकिरी शिडांच्या ताफ्यात तो दुरूनही ओळखू यावा. क्लाडाची गवताने शाकारलेली जुनी घरे १९३० च्या दशकात पाडण्यात आली, परंतु राजाचे मानाचे पद पुढेही चालू राहिले.

---

चिंबोरी

हे वाचून कोळीवाड्यातील पाटलांची आठवण झाली. वस्तीचे तंटे वस्तीतच मिटवण्याची ती रीत आमच्याकडेही होती. सालींच्या काढ्याबद्दलही सांगायचे तर आमच्याकडे सुती जाळी ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवत असत. माझ्या आजीच्या अंगणात त्यासाठी मोठे तांब्याचे भांडे होते. नायलॉनची जाळी आल्यावर ते भांडे लग्नाच्या पाण्याला वापरू लागले आणि पुढे मोडीत गेले.

---

सरळरेषा

लेखाची मांडणी चांगली आहे, पण एक मुद्दा बाजूला राहिला आहे असे वाटते. दलदलीतील टर्फ जाळणे ही आजच्या काळात कौतुकाने सांगण्याची गोष्ट आहे का? तेवढ्याच उष्णतेसाठी टर्फमधून कोळशापेक्षाही अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. शिवाय दलदल कापली की तिच्यात हजारो वर्षे बंदिस्त असलेला कार्बन मोकळा होतो आणि तिथले पक्षी-वनस्पतींचे जगही जाते. अशा मालाची मिरवणूक काढून आपण नेमके काय साजरे करतो?

---

अटलांटिककाठ

आपला आक्षेप रास्त आहे आणि तो आयर्लंडमध्येही जोरात मांडला जातो. ३१ ऑक्टोबर २०२२ पासून तिथे घन इंधनांचे नवे नियम लागू झाले असून दुकानांतून किंवा जाहिरात करून टर्फ विकण्यावर बंदी आली आहे. ज्या कुटुंबांना दलदल कापण्याचे परंपरागत हक्क आहेत त्यांना स्वतःपुरते जळण काढण्याची मुभा आहे. या विषयावरून ग्रामीण भागात किती कडवट वाद झाले हे तिथली वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना ठाऊक असेल.

तरीही मेळाव्यातील टर्फविषयी माझे मत आपल्यापेक्षा वेगळे आहे. एका-दोन बोटींतील टर्फने हवामानावर होणारा परिणाम नगण्य आहे आणि तो तिथे इंधनाची जाहिरात करण्यासाठी येत नाही. बोटीचे पोट एवढे रुंद का, मधला भाग उघडा आणि फक्त पुढचाच भाग फळ्यांनी झाकलेला का, मालाशिवाय निघताना तळाशी दगड का भरावे लागतात, या सगळ्या प्रश्नांचे उत्तर तो माल डोळ्यांसमोर रचलेला असताना एका क्षणात मिळते. माल काढून टाकला तर बोट केवळ देखणी वस्तू उरते.

---

सरळरेषा

मालवाहू बोट मालासह पाहिली पाहिजे, एवढे मला मान्य आहे. पण मग चुनखडीही परत न्यावी! परतीचा माल मेळाव्यात कुठेच दिसत नाही, याचा अर्थ निवड ही सोयीनेच केलेली आहे.

---

बंदरवाट

मी नोकरीमुळे काही वर्षे फ्रान्समध्ये ब्रतान्य प्रांतात होतो, तेव्हा तिथल्या मेळाव्यांविषयी थोडे लिहितो, म्हणजे तुलना करता येईल.

दुआर्नने या गावातील मेळावा १९८६ मध्ये झाला आणि त्यानंतर ब्रेस्ट शहरात १९९२ मध्ये प्रचंड मोठा सोहळा भरला. ब्रेस्टचा सोहळा तेव्हापासून साधारणपणे दर चार वर्षांनी जुलै महिन्यात भरतो. अलीकडचा २०२४ मध्ये झाला. ‘शास-मारे’ नावाचे सागरी इतिहासाचे फ्रेंच नियतकालिक या चळवळीच्या मुळाशी होते. १९९२ च्या सोहळ्यासाठी त्यांनी एक स्पर्धा ठेवली होती. प्रत्येक बंदराने आपल्याच किनाऱ्यावरील एखाद्या लुप्त झालेल्या बोटीचा अभ्यास करून तशी नवी बोट बांधायची आणि ती स्वतः हाकत ब्रेस्टला आणायची. त्या निमित्ताने ठिकठिकाणच्या लोकांनी वर्गण्या काढल्या, म्हाताऱ्या सुतारांना पुन्हा कामाला लावले आणि बोटींचे जुने आराखडे शोधले. ब्रेस्ट शहराने स्वतः ‘ला रुकुव्राँस’ ही दोन डोलकाठ्यांची बोट बांधली. ती १९९२ मध्ये पाण्यात उतरली.

ब्रेस्टला जगभरातून प्रचंड जहाजे येतात, तिकिटे असतात, आतषबाजी असते आणि बंदोबस्तही असतो. बघायला उत्तम, पण रात्री परतताना आपण प्रेक्षक होतो एवढेच लक्षात राहते. दुआर्नने त्या मानाने मोकळे आहे. किनवाऱ्याविषयी आपण लिहिले ते वाचून ते दुआर्ननेच्याही पुढचे वाटते. माझा प्रश्न असा की गर्दी वाढल्यावर ते तसे राहील का? मेळाव्याची कीर्ती झाली की सर्वांत आधी निवांतपणा जातो, असा माझा अनुभव आहे.

---

अटलांटिककाठ

किनवारा हे दोन-तीन रस्त्यांचे गाव आहे आणि धक्काही लहान आहे, त्यामुळे तिथे ब्रेस्ट उभे राहणे शक्य नाही. गाड्यांची गर्दी मात्र होते आणि त्या दिवशी गावात गाडी घालणे शहाणपणाचे नाही.

आपण स्पर्धेविषयी जे लिहिले ते मला फार महत्त्वाचे वाटते. फ्रान्समध्ये अनेक बोटी नाहीशा झाल्यानंतर पुन्हा बांधाव्या लागल्या. कॉनमाऱ्यात दोरी पूर्ण तुटली नव्हती. कार्ना भागातील म्वीनिश बेटावर पिढ्यान्‌पिढ्या बोटी बांधणारी सुतारांची कुटुंबे होती आणि पुनरुज्जीवन सुरू झाले तेव्हा हे कसब जाणणारे हात अजून चालते होते. म्हणून डागडुजी करायची तर कागदावरचा आराखडा शोधण्याची वेळ आली नाही. असे सुतार डोळ्यांच्या अंदाजाने आणि मोजक्या साच्यांच्या आधाराने सांगाडा उभा करत. शिवाय बोट ही कुटुंबाची किंवा गावाची असते. तिच्या नावाने गाणी असतात, तिने कोणत्या साली कोणाला हरवले याच्या आठवणी असतात आणि त्या आठवणींवरून अजून वाद होतात. किनवाऱ्याला येणारा खलाशी सरकारी निमंत्रणावरून आलेला नसतो, तो गेल्या वर्षीचा हिशेब चुकता करायला आलेला असतो.

या बोटी केवळ उपसागरातच तग धरतात असेही नाही. ‘सेंट पॅट्रिक’ नावाची हूकर घेऊन पॅडी बॅरी आणि त्यांचे सहकारी १९८६ मध्ये अटलांटिक ओलांडून अमेरिकेला गेले होते.

---

भाट्येपार

तीव्र चुरस आणि निवांतपणा एकत्र नांदतात, हे मला पटते. आता आपल्याकडच्या किनाऱ्याविषयी थोडे गंभीरपणे बोलावेसे वाटते.

कोकणात असा मेळावा का नाही, असा प्रश्न अशा प्रत्येक चर्चेत येतो आणि लगेच ‘आपल्याला वारशाची किंमत नाही’ असे उत्तर दिले जाते. ते मला अर्धवट वाटते. पहिले कारण ऋतूचे आहे. आयर्लंडमध्ये ऑगस्ट हा समुद्र सौम्य असण्याचा काळ आहे, आपल्याकडे त्या वेळी पावसाळी समुद्र खवळलेला असतो. पडाव आणि मचवे पावसाळ्याआधी किनाऱ्यावर ओढून, झावळ्यांनी शाकारून ठेवले जात आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होईल तसे पुन्हा पाण्यात उतरत. त्यामुळे आपला मेळावा भरायचा तर तो हिवाळ्यात, सकाळी मतलई आणि दुपारनंतर समुद्रावरून येणारे वारे असतात त्या दिवसांत भरेल. आणि तेव्हाच मासेमारीचा मुख्य हंगाम असतो, म्हणजे ज्यांनी बोटी हाकायच्या त्यांना वेळ नसतो.

दुसरे कारण अधिक कठीण आहे. कॉनमाऱ्यात बोट मरायला टेकली तेव्हा तिच्या जागी दुसरी बोट आली नाही, मालमोटार आली. म्हणजे जुन्या बोटीचा आकार बदलण्याची गरजच पडली नाही आणि ती होती तशी चिखलात उभी राहिली. आपल्याकडे त्याच होड्यांना इंजिने बसवली गेली. डोलकाठी गेली, मागची बाजू पंख्यासाठी बदलली, सांगाडा जड झाला आणि हळूहळू फायबरच्या होड्या आल्या. शिडाची होडी मेली नाही, ती बदलत बदलत दुसरेच काही झाली. आता शिडाने समुद्रावर पोट भरलेला तांडेल शोधायचा तर नव्वदीच्या घरातील माणसे शोधावी लागतील.

---

चिंबोरी

काही गावांत नारळी पौर्णिमेच्या सुमारास होड्यांच्या शर्यती होतात, त्या विसरू नयेत. पण त्यांना आमच्या लोकांचा सण म्हणूनच राहू द्यावे, असेही मला वाटते. त्याला महोत्सवाचे स्वरूप आले की मंडप येतो, मंडपात खुर्च्या येतात आणि पुढच्या रांगेतील खुर्च्यांवर आमचे लोक नसतात.

---

बंदरवाट

गोव्यात होडी इनोव्हेशन्स या कंपनीने बांधलेल्या ‘कौंडिण्य’ या शिवलेल्या जहाजाचा उल्लेख इथे केला पाहिजे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील पाचव्या शतकातील जहाजावरून त्याचा आराखडा घेतला आहे. त्यात फळ्या खिळ्यांनी जोडलेल्या नाहीत, त्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. केरळातील पारंपरिक कारागिरांनी हे काम केले आणि २१ मे २०२५ रोजी कारवारला ते नौदलात दाखल झाले. ब्रेस्टसारख्या ठिकाणी ते गेले तर लोक रांगा लावतील, यात मला शंका नाही.

---

भाट्येपार

‘कौंडिण्य’ हे अभिमान वाटावा असे काम आहे, पण ते वेगळ्या जातीचे आहे. त्यात प्रश्न असा होता की चित्रात दिसणारे जहाज प्रत्यक्षात चालेल का, आणि तो अभ्यासकांचा व नौदलाचा प्रश्न होता. एका जहाजाने मेळावा होत नाही, कारण मेळाव्याला प्रतिस्पर्धी लागतो. मला विचाराल तर वीस-बावीस फुटांच्या चार-पाच शिडाच्या होड्या एकाच खाडीतील चार-पाच गावांनी बांधाव्यात, त्यांत कोणतीही भव्यता असू नये, आणि त्यांची शर्यत उधाणाच्या भरतीला लावावी. पहिल्या वर्षी कोणी बघायला येणार नाही. तिसऱ्या वर्षी हरलेल्या गावाचा राग पुरेसा साचलेला असेल.

---

निशा_डब्लिन

हा राग साचण्याचा मुद्दा वाचून हसू आले, पण तो खरा आहे! पुढील वर्षी जाणार असणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक सूचना मिळतील का? आमच्याबरोबर सासूबाई असतील, त्यांना फार चालता येत नाही.

---

अटलांटिककाठ

आधी त्या दिवसांचे भरतीचे वेळापत्रक पाहावे आणि त्यानुसार निघावे. भरतीच्या तासभर आधी धक्क्यावर पोहोचल्यास बोटी आत येताना दिसतात आणि टर्फ उतरवणेही पाहता येते. ओहोटीला गेलात तर शिडे उतरवलेली आणि बोटी चिखलात टेकलेल्या दिसतील. मात्र बोटीचा खालचा आकार पाहण्याची आणि खलाशांशी बोलण्याची संधी तेव्हाच मिळते. शर्यती धक्क्यावरून नीट दिसत नाहीत, कारण त्या बाहेर उपसागरात होतात, आणि परतणाऱ्या बोटी डनग्वायरच्या गढीजवळून चांगल्या दिसतात. धक्का सपाट आहे आणि बसायला दगडी कठडे आहेत, त्यामुळे सासूबाईंची अडचण होऊ नये. फक्त त्यांच्यासाठी जाड स्वेटर आणि वाऱ्याला अडवणारे जाकीट बरोबर असू द्या, ऑगस्ट आहे म्हणून फसू नका. पाऊस दिवसातून चार वेळा येतो आणि जातो.

ज्यांना ऑगस्टमध्ये जमणार नाही त्यांनी १६ जुलैचा विचार करावा. त्या दिवशी कार्नाजवळच्या मॅकडारा बेटावर यात्रा असते आणि लोक बोटींनी बेटावरील प्राचीन दगडी देवळात प्रार्थनेला जातात. त्या बेटावरून जाणाऱ्या शिडाच्या बोटीने संताला मान देण्यासाठी शीड तीनदा खाली झुकवायचे, अशी जुनी रीत आहे. तिथेही शर्यती होतात आणि गर्दी किनवाऱ्याहून कमी असते. कार्नाला जायला गॉलवेहून बस आहे, पण परतीची वेळ निघण्यापूर्वी विचारून घ्यावी.

---

चिंबोरी

शीड तीनदा झुकवण्याची रीत वाचून विचारावेसे वाटते : कोणी ते विसरले तर तिथले लोक काय म्हणतात?

---

अटलांटिककाठ

विसरणाऱ्यावर संकट ओढवल्याच्या गोष्टी तिथे बऱ्याच सांगितल्या जातात. धक्क्यावरच्या एका वृद्ध खलाशाला मी हाच प्रश्न विचारला होता. त्यांचे म्हणणे असे की संत रागावतो की नाही ते त्यांना सांगता येणार नाही, पण मागच्या बोटीतील माणसे पाहत असतात आणि ती पुढे आयुष्यभर त्याचा उल्लेख करतात.